फायरमनच्या घरातला बंब

श्रोतेहो, मिरजेत थंडी पडते का, असं पुण्याचे कविमित्र मला विचारतात. पडते. डिसेंबर-जानेवारीच्या पहाटे पारा बारा-तेरा अंशांवर येतो, एखाद्या वर्षी त्याच्याही खाली उतरतो. महाबळेश्वरच्या माणसाला याचं हसू येईल. तिकडे साहेबाच्या वेळच्या बंगल्यांतून भिंतीतच शेकोटीची जागा बांधलेली असते. आमच्याकडे घर तापवायची पद्धत नाही, माणूस तापवायची आहे. पहाटे चार तांबे कढत पाणी अंगावर घेतलं, की दुपारपर्यंत थंडीची चिंता नाही. त्यामुळे आमच्या घरात ऊब देणारं यंत्र एकच, आणि ते न्हाणीघराच्या बाहेर उभं असतं. बंब.

कवीला बंबाबद्दल बोलायला बोलावलं, याचं माझ्या घरच्यांना फार नवल वाटलं. पण 2012 सालापासून आमच्या घरचा बंब मीच पेटवतो. कवितेचं माहीत नाही, पण या कामात माझा हात वर्षागणिक सुधारला आहे, असं घरातल्या सर्वांचं एकमत आहे.

सुरुवात अब्बांपासून केली पाहिजे. अब्बा रेल्वेत होते, वाफेच्या इंजिनावर फायरमन. मिरज जंक्शनात तेव्हा ब्रॉडगेज, मीटरगेज आणि कुर्डुवाडीकडे जाणारी नॅरोगेज, अशा तिन्ही रुंदीच्या गाड्या उभ्या असायच्या. मी सात-आठ वर्षांचा असताना ते मला शेडमध्ये घेऊन गेले होते. भट्टीचं दार उघडलं तेव्हा मी त्यांच्या पायाला मिठी मारली, एवढं आठवतं. पण त्यांनी सांगितलेली एक गोष्टही आठवते. धुराड्याकडे बोट करून ते म्हणाले, काळा धूर निघाला, की समज फायरमन आळशी आहे. एकदम फावडीभर कोळसा टाकून बसला असणार. कोळसा थोडा थोडा आणि पसरून टाकायचा, खालून हवा द्यायची आणि दार जरा फटीएवढं उघडं ठेवून वरूनही हवा द्यायची. मग धूर आतच जळतो. धूर म्हणजे न जळालेला कोळसा, म्हणजे सरकारचा पैसा हवेत.

असं हे ज्ञान आमच्या घरात होतं. रोज डब्याबरोबर घरातून बाहेर जात होतं आणि संध्याकाळी परत येत होतं. आणि त्याच घरात माझी अम्मा चुलीपुढे डोळे पुशीत बसलेली असायची. अब्बा इंजिनाचा धूर नुसत्या रंगावरून ओळखत. चुलीचा धूर त्यांना कधी दिसला नाही. मलाही दिसला नाही, म्हणून त्यांना नावं ठेवण्याचा अधिकार मला नाही.

अम्माचा दिवस पहाटे साडेचारला बंबापासून सुरू होई. फजरच्या नमाजाआधी वजूला कोमट पाणी, अब्बांची ड्यूटी असली तर अंघोळीचं पाणी, जुम्म्याला सगळ्या घराच्या अंघोळी. बंब तांब्याचा होता, तिच्या वडिलांनी लग्नात दिलेला. आजच्या मुलांनी तो पाहिला नसेल, म्हणून सांगतो. पिंपासारखं उभं भांडं, त्याच्या मधोमध आरपार गेलेली रुंद नळी. नळीच्या तळाशी जाळी, तिच्याखाली राखेची जागा. पाणी नळीच्या भोवती, आग नळीच्या आत. एका बाजूला पितळी तोटी. जळण वरून नळीत टाकायचं. पाणी भरल्याशिवाय पेटवायचा नाही, नाहीतर सांध्याचा डाख वितळतो आणि बंब गळायला लागतो. हा अपराध मी दोनदा केला आहे. दोन्ही वेळा तांबटाकडे डोक्यावरून मीच नेला.

पुढे मला कळलं, की बंब म्हणजे इंजिनाच्या बॉयलरचा धाकटा भाऊच आहे. तिथेही आग नळ्यांतून जाते आणि पाणी नळ्यांच्या भोवती असतं. अब्बांना हे दिसलं असेलच. पण पहाटेचा बंब ही बायकांची गोष्ट होती.

1993 मध्ये आमच्या घरी गॅस आला. स्वयंपाक गॅसवर गेला, बंब लाकडावरच राहिला. हे फक्त आमचंच नाही. 2016 मध्ये उज्ज्वला योजना आली आणि खेडोपाडी सिलिंडर पोचले. तरी तुम्ही आजही मिरज तालुक्यातल्या कुठल्याही गावात पहाटे जा. चहा गॅसवर होतो आणि अंघोळीचं पाणी परसातल्या तीन दगडांवर तापतं. अंघोळीच्या पाण्यासाठी महागाचा गॅस जाळायला कुणाचा जीव होत नाही. स्वयंपाकाच्या धुराबद्दल पुष्कळ बोललं गेलं, या पहाटेच्या धुराबद्दल फारसं कुणी बोलत नाही.

2010 साली अम्माचा खोकला वाढला. जिना चढताना ती मधेच बसायला लागली. आमचं गाव दवाखान्यांचं. डॉ. विल्यम वानलेस यांनी 1894 मध्ये मिशनचं रुग्णालय काढल्यापासून चारी बाजूंनी आजारी माणसं मिरजेला येतात. आम्हाला फक्त रिक्षानं जायचं होतं. छातीच्या डॉक्टरांनी तिला फुंकर मारायच्या यंत्रात फुंकायला लावलं आणि विचारलं, विडी, तंबाखू, मिश्री? काही नाही. मग विचारलं, चुलीपुढे किती वर्षं बसलात? अम्मा बाराव्या वर्षापासून चूल सांभाळत होती. डॉक्टरांनी कागदावर गुणाकार केला. रोजचे चार तास, पस्तीस वर्षं. म्हणाले, संशोधक लोक असाच हिशेब मांडतात. हा दमा नाही, धुरानं झिजलेली फुप्फुसं आहेत, आणि झिजलेलं भरून येत नाही. पुढे मी वाचलं, की पुण्याचे डॉ. संदीप साळवी आणि लंडनचे डॉ. पीटर बार्न्स यांनी 2009 मध्ये 'लॅन्सेट'मध्ये नेमकं याच विषयावर लिहिलं होतं. कधीही धूम्रपान न केलेल्या माणसांना, त्यातही चुलीपुढच्या बायकांना होणाऱ्या या आजाराविषयी.

घरी येताना रिक्षात मी अम्माला म्हटलं, एवढा त्रास होत होता तर बोलली का नाहीस? ती आमच्या दखनीत म्हणाली, "चुल्हा है तो धुआँ रहताच बाबा." जशी काही पावसाबद्दल बोलतेय.

त्यानंतर तरी मी शहाणा व्हावं की नाही? झालो नाही. 2012 च्या जानेवारीत कडाक्याची थंडी होती. अम्मा तापातून उठली होती आणि तिचे पाय गार पडत होते. मी बंबातले लालबुंद निखारे घमेल्यात काढले, तिच्या खोलीत नेऊन ठेवले, खिडकी लावली, दाराखालच्या फटीत गोधडीचा तुकडा कोंबला. निखाऱ्यांना धूर नव्हता. धूर नाही म्हणजे धोका नाही, असं माझं बी.ए.पर्यंतचं शिक्षण मला सांगत होतं. अर्ध्या तासानं बायको दूध घेऊन आत गेली, तेव्हा अम्माची मान उचलत नव्हती. उलटी झाली होती आणि ती तिच्या मेलेल्या बहिणीला हाका मारत होती. आम्ही तिला पलंगासकट ओसरीवर ओढून आणलं. दवाखान्यात दिवसभर प्राणवायू लावला आणि ती वाचली.

श्रोतेहो, हे नीट ऐका, कारण दर हिवाळ्यात कुठे ना कुठे हे घडतं. निखारा धुमसताना कार्बन मोनॉक्साइड नावाचा वायू निघतो. त्याला रंग नाही, वास नाही. तो रक्तात प्राणवायूची जागा बळकावतो आणि माणसाला झोप आल्यासारखं वाटतं. बंद खोलीत शेगडी ठेवू नका. बंद न्हाणीघरात गॅसचा गिझर लावू नका, तिथेही हाच वायू जीव घेतो. थंडी वाजली तर आणखी एक गोधडी घ्या.

त्या रात्री दवाखान्याच्या बाकावर बसल्या बसल्या मला अब्बांचं धुराडं आठवलं. अब्बा जाऊन तेव्हा सोळा वर्षं झाली होती.

धूर कमी करायचे उद्योग आपल्या देशात पुष्कळ झालेत. वर्ध्याच्या मगनवाडीतून मगन चूल निघाली. पुढे 1980 च्या दशकात सरकारनं सुधारित चुलींचा राष्ट्रीय कार्यक्रम काढला. तो 2002 पर्यंत चालला आणि साडेतीन कोटींच्या आसपास चुली बसवल्या गेल्या. त्यातल्या कितीतरी थोड्याच वर्षांत बंद पडल्या. नळी काजळीनं तुंबली, साफ कुणी करायची हे कुणी सांगितलेलं नव्हतं. आपल्याच बाजूला डॉ. आनंद कर्वे यांच्या आरती संस्थेनं उसाच्या पाचटापासून कोळसा करायची युक्ती काढली. त्यासाठी 2002 मध्ये त्यांना लंडनचा अॅश्डेन पुरस्कार मिळाला. फडात नुसतं पेटवून देतात ते पाचट, त्याचं जळण! परदेशात याचे कायदे आहेत. नॉर्वेसारख्या देशात, जिथे लाकडाच्या स्टोव्हवर घरंच्या घरं तापतात, तिथे 1998 पासून स्वच्छ जळणारा स्टोव्ह असेल तरच विकता येतो. हे सगळं मी त्या वर्षी वाचलं. आणि एका कागदावर अब्बांच्या इंजिनाचं, मला आठवत होतं तसं, चित्र काढून कुपवाडच्या औद्योगिक वसाहतीत एका फॅब्रिकेटरकडे गेलो. तो दुधाच्या टाक्या बनवायचा. चित्र बघून म्हणाला, "साहेब, हे हत्तीचं आहे का?"

पण माणूस गुणी होता. दोन महिन्यांत त्यानं बंब बनवला, नऊ हजार रुपये घेतले. स्टीलची टाकी, तीस लिटरची. तिच्यातून एका रुंद नळीऐवजी चार अरुंद नळ्या, म्हणजे आग आणि पाणी यांची भेट जास्त जागी होते. खाली भट्टी, तिला आतून भाजक्या विटांचं अस्तर, कारण थंड पत्र्याला टेकलेली ज्वाळा विझते आणि धूर सोडते. दाराला खाली एक झडप, तिथून जाळीखाली हवा जाते. आणि भट्टीच्या वरच्या अंगाला बारीक भोकांची रांग. खरी मेख या भोकांतच आहे. लाकूड तापलं की त्यातला मोठा भाग आधी वायू होऊन बाहेर पडतो, आणि तोच न जळता गेला तर त्याला आपण धूर म्हणतो. भट्टी पुरेशी गरम असेल आणि त्या वायूला वरच्या भोकांतून ताजी हवा मिळाली, तर तो तिथेच पेट घेतो. अब्बा दाराची फट ठेवत, ती यासाठीच. टाकीला वर उघडी नळी ठेवली आहे. ती कधीही बुजवायची नाही, कारण कोंडलेली वाफ टाकी फोडते.

पहिल्या महिन्यात हा बंब जुन्यापेक्षा जास्त धुरायला लागला. चिमणीला आम्ही दोन कोपर दिले होते आणि तिचं तोंड गच्चीच्या कठड्याच्या खाली राहिलं होतं. वारा आला की धूर उलटा घरात. फॅब्रिकेटर म्हणाला लाकूड खराब, मी म्हटलं बंब खराब. शेवटी चिमणी सरळ केली, कठड्याच्या तीन फूट वर काढली, आणि धूर उलटा यायचा थांबला. पण लाकडाबद्दल तोही खरंच बोलत होता.

ओल्या लाकडाइतका महाग पदार्थ बाजारात नाही. ताज्या तोडलेल्या लाकडाच्या वजनात जवळपास निम्मं पाणी असतं. म्हणजे आपण वखारीत पाण्याचे पैसे देतो, आणि मग ते पाणी उकळून घालवायला उरलेलं लाकूड जाळतो. मी आता बाभळीचं जळण उन्हाळ्यात घेतो, मनगटाएवढं फोडून पत्र्याखाली रचतो, बाजू उघड्या ठेवतो, आणि ते पुढच्या वर्षी वापरतो. सुकलं की नाही ते कसं ओळखायचं, हे मला सतारमेकर गल्लीतल्या एका बुजुर्गानं शिकवलं. मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला 2024 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, ती ही गल्ली. ते लोक लाकूड बोटाच्या पेरानं वाजवून बघतात. दोन फोडी एकमेकींवर आपटल्या आणि टण्ण आवाज आला तर सुकं, थप्प आला तर ओलं. त्यांच्याकडच्या तुनाच्या ढलप्या पेटवणीला फार छान. हलक्या, पटकन धरणाऱ्या, वास गोड. पहिल्यांदा त्या भट्टीत टाकताना हात अडखळला होता. ज्या झाडाचा तंबोरा झाला त्याच झाडाची ही ढलपी, असलं काहीतरी मनात आलं. पाणी तापेपर्यंत ते गेलं. पॉलिश लागलेला तुकडा मात्र मी जाळत नाही. प्लायवूड, दुधाच्या पिशव्या, तुटक्या चपला, टायरचे तुकडे, हे सगळं आपल्याकडे सर्रास बंबात जातं आणि लहान मुलं शेजारी उभी राहून शेकत असतात. त्यापेक्षा गार पाण्यानं अंघोळ केलेली बरी.

पेटवायची रीतही मी बदलली. जाड फोडी खाली, बारीक वर, ढलप्या सगळ्यांत वर, आणि काडी वरून लावायची. आग मेणबत्तीसारखी खाली उतरत येते आणि खालून निघणारा वायू वरच्या ज्वाळेतून जातो, जळूनच बाहेर पडतो. अम्मानं हे पाहिलं तेव्हा ती म्हणाली, "उलटा काम." आणि मग खुर्ची आणून, चिमणीच्या तोंडाकडे बघत, दहा मिनिटं गच्चीवर बसली. खाली येऊन काही बोलली नाही.

एकदा मी स्वयंपाकघरातला वजनकाटा आणून मोजमाप केलं. वीस अंशांचं तीस लिटर पाणी पंचेचाळीसवर न्यायला साडेसातशे किलोकॅलरी लागतात. सुक्या किलोभर लाकडात साडेतीन-चार हजार तरी असतात. म्हणजे कागदावर दोनशे ग्रॅम लाकूड पुरायला हवं. अम्माचा तांब्याचा बंब, मी जसा पेटवायचो तसा, दीड किलो खायचा. नव्यानं सहाशे ग्रॅम घेतले. उरलेले चारशे कुठे जातात? बरीचशी उष्णता चिमणीतून जाते, काही पत्रा आणि विटा तापवण्यात. चिमणी अगदी थंड करूनही चालत नाही. ती गरम राहिली तरच ओढ धरते, नाहीतर आतून डांबरासारखा थर बसतो आणि तो थर एक दिवस पेटतो.

मी लाकडाची वकिली करायला इथे आलेलो नाही. 2015 मध्ये आम्ही गच्चीवर सोलर बसवला आणि वर्षातले आठ महिने बंब थंडच असतो. आभाळ भरलं, की मात्र सोलर रुसतो. 2019 च्या ऑगस्टमध्ये कृष्णा सांगलीत शिरली. आमच्याकडे तिथले पै-पाहुणे आले, दोन बिऱ्हाडं, चौदा माणसं, त्यांत एक बाळंतीण. सूर्याचा पत्ता नाही, वीज धड नाही, सिलिंडरची गाडी येत नव्हती. मागच्या उन्हाळ्यातलं सुकं लाकूड पत्र्याखाली होतं. आठ दिवस बंब सकाळ-संध्याकाळ चालला. ती पोरगी बाळाला घेऊन न्हाणीघरात शिरली की अम्मा बाहेरून विचारायची, "पानी बस हुआ क्या गे?" आणि मला खूण करायची, अजून दोन फोडी टाक.

अम्मा 2022 च्या डिसेंबरात गेली. नवा बंब आल्यावर तिचा आजार बरा झाला असं मी म्हणणार नाही, तसं होत नसतं. शेवटची दोन वर्षं ती नळीतून प्राणवायू घेत होती आणि त्या नळीमुळे आगीपासून लांब बसायची. ती गेली ती पहाटेची वेळ होती. गुस्लसाठी बोरीचा पाला घालून पाणी कोमट करावं लागतं. बहिणी आणि मावश्या आत होत्या, बाहेर मी भट्टी रचली. जाड फोडी खाली, बारीक वर. हात थरथरत होता, तीन काड्या वाया गेल्या. मावशीनं बादली न्यायला येताना विचारलं, "पेटलाय ना रे? धूर दिसत नाही." पेटला होता.

आता एक तक्रार सांगतो, ती माझ्याविरुद्धची आहे. शेजारच्या काकू मला एकदा म्हणाल्या, "तुमच्या घरातला धूर तुम्ही चिमणी लावून आमच्या गच्चीवर आणून सोडलात." माझ्याकडे उत्तर नव्हतं. बंब कितीही चांगला असो, पेटवतानाची पहिली पाच-दहा मिनिटं तो धूर सोडतोच, आणि दाटीवाटीच्या गावात तो कुणाच्या तरी वाळवणावर जातो. सगळी गल्ली बंब पेटवायला लागली तर माझा सहाशे ग्रॅमचा हिशेब काही कामाचा नाही. आम्ही आपसात ठरवलं आहे. त्यांचे पापड गच्चीवर असतील त्या दिवशी बंब बंद. पेटवायचा तर सहाच्या आत, त्यांच्या खिडक्या उघडण्याआधी. त्या बदल्यात त्या वर्षभराच्या नारळाच्या करवंट्या पोत्यात साठवून मला देतात. करवंटीचा जाळ फार कडक, दोनच पुरतात.

दिवाळीच्या पहिल्या अंघोळीला त्यांच्याकडची दोन नातवंडं आमच्याच बंबाचं पाणी नेतात. त्याआधी चिमणी साफ करायची असते. सळईला काथ्याचा बोळा बांधून वरून खाली ओढायचा, खाली पोतं धरायचं. गेल्या वर्षी पोतं धरायला मुलगा होता आणि त्यानं ते ऐन वेळी सोडलं. काकूंच्या पांढऱ्या चादरी बाहेर होत्या. या वर्षी त्यांनी आधीच निरोप पाठवलाय, तारीख सांगा म्हणून.